सुझुकी जिक्सर एसएफ २५० : दहा महिने, अकरा हजार किलोमीटर

गेल्या दहा महिन्यांत माझी जिक्सर एसएफ २५० ही मोटारसायकल अकरा हजार किलोमीटर चालली असून त्यातले निम्म्याहून अधिक अंतर पुणे-कोल्हापूर महामार्गावरचे आणि उरलेले हिंजवडीच्या रोजच्या कोंडीतले आहे. खरेदीपूर्वी मी यामाहा आर१५, बजाज पल्सर आरएस२०० आणि केटीएम आरसी २०० या तिन्ही गाड्या चालवून पाहिल्या होत्या. मित्राची आर१५ तर नंतरही अनेकदा माझ्या हाती आली.

२४९ सीसीच्या या इंजिनची कमाल शक्ती २६.५ पीएस (अश्वशक्तीचे माप) आहे आणि ती आरसी २०० च्या २५ पीएसच्या फारशी पुढे नाही, एवढ्यावरूनच ही गाडी बाद करणारे अनेक जण मला भेटले. हा हिशेब अपुरा आहे. इथे २२.२ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ७,३०० आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला ७,३०० फेऱ्यांना) मिळतो. आरएस२०० मध्ये ८,००० पर्यंत जाऊनही १८.७ मिळतो, तर आर१५ चा कमाल टॉर्क १४.२ आहे. पत्नी मागे बसलेली, टाकीवर बॅग बांधलेली आणि खंबाटकीच्या चढावर पुढे उसाने भरलेला ट्रक, अशा वेळी या आकड्यांचा खरा अर्थ समजतो, कारण जिथे आर१५ ला दोन गिअर खाली आणून इंजिन तापवावे लागते, तिथे ही गाडी आहे त्याच गिअरमध्ये ट्रक मागे टाकते.

मात्र वरंधा घाटाच्या वळणांवर मी निःसंकोचपणे आर१५ निवडेन. तिचे वजन १४२ किलो आहे आणि जिक्सरचे १६१. हा १९ किलोंचा फरक प्रत्येक वळणावर जाणवतो. शिवाय तिला यूएसडी फोर्क (पुढच्या चाकाचे उलटे बसवलेले, अधिक भक्कम शॉकअप) आणि स्लिपर क्लच (गिअर पटकन खाली आणताना मागच्या चाकाला बसणारा झटका कमी करणारा क्लच) आहेत. जिक्सरला तसा क्लच नसल्यामुळे उतारावर मी घाई न करता एकेक गिअरच खाली आणतो. या किमतीत तो द्यायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

इंजिन थंड ठेवण्यासाठी इथे कूलंट, म्हणजे इंजिनभोवती फिरणारे थंडावा देणारे द्रव, नाही. ज्वलनकक्षाभोवतीच्या पोकळीतून इंजिन ऑइलच फिरवले जाते. मला ही रचना मनापासून आवडली, कारण पाण्याचा पंप, नळ्या आणि कूलंट यांची देखभाल वाचते. पण त्यामुळेच ऑइलच्या पातळीकडे दुर्लक्ष करून चालत नाही आणि मी ती दर पंधरा दिवसांनी तपासतो.

महामार्गावर ताशी ८५-९० च्या स्थिर वेगात लिटरला ३८ किलोमीटर पडतात, शहरात ३२. टाकी १२ लिटरची असल्याने पुण्यात ती भरली की कोल्हापूर गाठून परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत पेट्रोलचा विचार करावा लागत नाही. आसनाची उंची ८०० मिलिमीटर आहे, आरसी २०० ची ८३५. माझ्यासारख्या साडेपाच फुटांच्या माणसाचे दोन्ही पाय कोंडीत जमिनीला टेकतात आणि हँडलबार पुरेसे उंच असल्याने चार तासांच्या प्रवासानंतरही मनगटे दुखत नाहीत.

मागचे आसन मात्र उंच आणि अरुंद आहे, त्यामुळे पत्नीसाठी दर तासाला थांबावे लागते. ज्यांना नेहमी दोघांनी प्रवास करायचा आहे, त्यांनी चाचणी फेरीला मागे बसणाऱ्या व्यक्तीलाही सोबत न्यावे आणि दुकानासमोरच्या सपाट रस्त्याऐवजी एखादा चढ निवडावा.