क्रॉन की सिस्टमडी टायमर: रात्रीचं काम कोणाच्या गळ्यात घालायचं?

रोज रात्री अडीच वाजता एक स्क्रिप्ट चालवायची आहे. लिनक्सवर त्याच्या दोन वाटा: क्रॉनटॅबमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) एक ओळ, नाहीतर सिस्टमडीचा (मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या, सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) टायमर. पहिली अर्ध्या मिनिटाची, दुसरीला दोन छोट्या फाइली लिहाव्या लागतात: काय चालवायचं ते सांगणारी सर्व्हिस आणि कधी ते सांगणारा टायमर. बहुतेकांचा निर्णय इथेच होतो. मी मात्र आधी एकच विचारतो: हे काम एखाद्या रात्री झालं नाही, तर मला ते कधी कळेल? (कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.)

काही ठिकाणी निवडीचा प्रश्नच येत नाही. अल्पाइन या लिनक्सच्या प्रकारात सिस्टमडी नाही, कंटेनरच्या आतही सहसा नसतो. तिथे क्रॉन. फेडोरा आणि डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारांनी अनुक्रमे २०११ आणि २०१५ मध्ये सिस्टमडी स्वीकारला, त्यामुळे बाकीच्या बहुतेक सर्व्हरांवर दोन्ही गोष्टी हाताशी असतात.

क्रॉनची मोठी बाजू म्हणजे तो सगळ्यांना येतो. वेळेचे पाच रकाने, पुढे कमांड, संपलं. दुसऱ्याच्या मशीनवर बसलात तरी क्रॉनटॅब -एल केलं की त्या युजरची कामं समोर. लॉग साफ करणं, तात्पुरत्या फाइली उडवणं, एखादा कॅशे ताजा करणं यासाठी टायमर लिहीत बसणं मला तरी उगाचचा खटाटोप वाटतो.

त्रास होतो तो क्रॉनच्या बारीक खोडींचा. एकदा मी बॅकअपच्या फाइलला तारखेचं नाव द्यायला डेट कमांड थेट क्रॉनटॅबच्या ओळीत लिहिली. टर्मिनलवर चालली, क्रॉनमध्ये नाही. कारण क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ ‘नवी ओळ’ असा होतो. त्याच्यापुढे उलटा स्लॅश लावला नाही, तर कमांड तिथेच तुटते. ही चूक मला कळली कधी? बॅकअपची गरज पडली तेव्हा. क्रॉन आउटपुट ईमेलने पाठवतो, आणि त्या मशीनवर मेल पाठवणारा प्रोग्रामच नव्हता. डेबियनवर अशा वेळी क्रॉन सगळं आउटपुट टाकून देतो आणि ‘टाकून दिलं’ अशी एक ओळ इमानेइतबारे लॉगमध्ये लिहितो. ती वाचतो कोण!

दुसरी खोडी पाथची. पाथ म्हणजे कमांड कुठे शोधायच्या त्या डिरेक्टऱ्यांची यादी. तुमच्या शेलमधला (टर्मिनलवर कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममधला) लांबलचक पाथ क्रॉनला मिळत नाही, मोजक्या एक-दोन डिरेक्टऱ्या मिळतात. ‘हाताने चालतं, क्रॉनमध्ये चालत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. तिसरी तारखांची: महिन्याच्या पहिल्या सोमवारी काम हवं म्हणून तारीख १-७ आणि वार सोमवार लिहिलंत, तर ते १ ते ७ रोज चालेल आणि शिवाय दर सोमवारी. दोन्ही रकाने भरले की क्रॉन त्यांच्यामध्ये ‘किंवा’ धरतो. टायमरच्या ऑन-कॅलेंडर या वेळापत्रकाच्या ओळीत हेच लिहिलं तर ‘आणि’ धरला जातो, म्हणजे खरोखर पहिलाच सोमवार. शंका असेल तर सिस्टमडी-अॅनलाइझ कॅलेंडर या कमांडपुढे ते वेळापत्रक द्या, पुढची वेळ कोणती ती छापून मिळते.

टायमरकडे वळण्याची माझी कारणं मात्र वेगळी आहेत. सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स केलं की प्रत्येक काम शेवटचं कधी चाललं आणि पुढे कधी चालणार, हे एका तक्त्यात दिसतं. जर्नलसीटीएल -यू ने त्याच कामाचं आउटपुट वेगळं निघतं, कुठे वळवून ठेवावं लागत नाही. सर्वांत सोयीचं म्हणजे चाचणीसाठी अडीच वाजण्याची वाट बघायची नाही: सिस्टमसीटीएल स्टार्ट करून सर्व्हिस आत्ताच चालवायची, तीही रात्री असणार त्याच वातावरणात. काम फसलं तर ऑन-फेल्युअर लावून निरोप पाठवणारी दुसरी सर्व्हिस चालवता येते.

मशीन बंद असताना वेळ टळून गेली तर साधा क्रॉन ती विसरतो. त्यासाठी वेगळा अॅनाक्रॉन लागतो. टायमरमध्ये पर्सिस्टंट=ट्रू लिहिलं की मशीन सुरू झाल्यावर राहिलेलं काम एकदा चालतं. आधीचं काम लांबलं असेल तर टायमर त्याच सर्व्हिसची दुसरी प्रत सुरू करत नाही. क्रॉन करतो, म्हणून तिथे फ्लॉक (एका वेळी एकच प्रत चालू देणारं कुलूप) लावावं लागतं.

टायमरही सरळ आहे असं समजू नका. एनेबल टायमर करायचा, सर्व्हिस नव्हे. ही चूक सगळे एकदा तरी करतात. फाइल बदलल्यावर डीमन-रीलोड विसरलात तर जुनंच चालू राहतं. सर्व्हिसमध्ये कमांड जिथे लिहितात त्या एक्झेकस्टार्टच्या ओळीत शेल नसतो, त्यामुळे पाइप किंवा रीडायरेक्शन चालत नाही. टक्क्याची कटकट इथेही आहे, फक्त इथे ते चिन्ह दोनदा लिहायचं. युजरच्या नावाने लावलेले टायमर लॉगआउटनंतर थांबू शकतात. लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर केलं की चालू राहतात. आणि ठरलेल्या वेळेपेक्षा एका मिनिटापर्यंत उशीर होऊ शकतो, कारण अॅक्युरसी-सेक मुळात एक मिनिट असतो. नेमका सेकंद हवा असेल तर तो कमी करा.

म्हणून माझी वाटणी अशी: बॅकअप, सर्टिफिकेट नूतनीकरण, डेटाबेसची निर्यात, म्हणजे ज्यांचा जाब मला द्यावा लागतो ती कामं टायमरकडे. लॅपटॉपवरचीही टायमरकडेच, कारण तो रात्री बंद असतो. एक दिवस चुकलं तर कोणाच्या लक्षातही येणार नाही अशी कामं क्रॉनकडे. जुना क्रॉनटॅब निमूट चालत असेल तर तो उगाच मोडून टायमर लिहू नका.

हलवायचंच ठरलं, तर टायमर लागल्यावर क्रॉनटॅबमधली जुनी ओळ काढा, नाहीतर एकच काम दोनदा चालेल. ती काढताना बोट नीट ठेवा: क्रॉनटॅब -ई ने फाइल उघडते, आणि कीबोर्डवर शेजारीच असलेल्या -आर ने अख्खा क्रॉनटॅब न विचारता उडतो.