सिग्मा १५०-६०० आणि चंद्र: पौर्णिमेपेक्षा अष्टमी बरी

सिग्माची १५०-६०० एमएम कंटेम्पररी ही झूम लेन्स मी नवी घेतलेली नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर पक्षी टिपणाऱ्या एका मित्राने मोठी प्राइम (झूम नसलेली लेन्स) घेतली आणि ही माझ्याकडे आली. पक्ष्यांसाठी ती कशी आहे यावर भरपूर लिहिलं गेलंय. माझ्या हातात आल्यापासून तिचं मुख्य गिऱ्हाईक एकच, चंद्र. तेव्हा हा अनुभवही तेवढ्यापुरता. कॅमेरा निकॉन डी७५००, जागा आमच्या घराची गच्ची. आता वर्ष होत आलं.

६०० एमएम म्हटलं की चंद्र फ्रेम भरून येणार असं वाटतं. येत नाही. सेन्सरवर चंद्र केवढा पडेल हे काढायचं तर फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सवरच्या एमएमच्या आकड्याला, ११० ने भागा: ६०० ला साधारण साडेपाच मिलिमीटर. डी७५०० चा सेन्सर २३.५ बाय १५.७ मिलिमीटरचा, म्हणजे चंद्र फ्रेमच्या उंचीचा जेमतेम तिसरा हिस्सा व्यापतो. बाकी सगळं काळं, ते क्रॉप करायचं. पिक्सेल मोजले तर चंद्राचा व्यास तेराशेच्या आसपास भरतो. खरा व्यास ३,४७४ किलोमीटर, तेव्हा एका पिक्सेलमध्ये पावणेतीन किलोमीटर जमीन मावली. कोपर्निकस विवर ९३ किलोमीटर रुंद आहे, ते फोटोत चौतीस-पस्तीस पिक्सेलचं दिसतं. ऐकायला हे कमी वाटेल, पण त्यात विवराची कड, आतली सावली आणि मधली शिखरं ओळखू येतात. प्रिंट काढायची तर वीतभर चंद्र सुरेख येतो, पोस्टर काढायला जाऊ नये.

‘सुपरमून’चं कौतुकही याच हिशोबात बसवून पाहा. ५ नोव्हेंबर २०२५ ला, त्रिपुरारी पौर्णिमेला, चंद्र ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर आला होता. तेव्हा माझ्या सेन्सरवर तो तेराशेऐवजी पावणेचौदाशे-चौदाशे पिक्सेलचा पडला. नुसत्या डोळ्यांना तो फरक कळला असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आता मुद्द्याचं. या लेन्सने चंद्र टिपायचा असेल तर सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं १२ अंशांचं अंतर. चंद्रावरची उजेड-अंधाराची कडही एका तिथीत साधारण १२ अंशच पुढे सरकते. विवरं खोल दिसतात ती याच कडेवर, कारण तिथे ऊन तिरपं पडतं आणि सावल्या लांब होतात. म्हणजे कुठल्या रात्री काय उठून दिसणार, हे तिथीवरून आधीच सांगता येतं. शुक्ल षष्ठीला थिओफिलस आणि त्याला खेटून असलेली सिरिलस, कॅथरिना ही विवरं. अष्टमीला चंद्राच्या मधोमध टॉलेमियस, अल्फॉन्सस, आर्झाकेल ही उभी रांग, आणि वर अपेनाईन पर्वत असे उजळतात की अंधारात शिखरांचे सुटे ठिपके आधी दिसतात, पायथा नंतर. नवमीला टायको, क्लेव्हियस आणि प्लेटो. दशमीला कोपर्निकस. एकादशीच्या सुमारास जुरा पर्वतांची कमान अंधारात एकटीच पेटलेली सापडते, तिच्या आतल्या सायनस इरिडमचा सपाट तळ अजून काळाच असतो. ते दृश्य या लेन्समध्ये छान मावतं.

एक लक्षात ठेवा, कॅलेंडरवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते. संध्याकाळी पुढची लागलेली असू शकते, म्हणून तिथी संपण्याची वेळ शेजारी दिलेली असते ती बघायची. अष्टमीच्या सुमारास काही विवरांच्या कडा मिळून इंग्रजी एक्स अक्षर उमटतं. ते चारेक तासच टिकतं आणि दर महिन्याला आपल्या संध्याकाळीच सापडेल असं नाही.

या सगळ्यात पौर्णिमा फोटोसाठी सर्वांत निरस. ऊन समोरून पडतं, सावली नाही, चंद्र पापडासारखा सपाट. कोजागिरीला दूध आटेपर्यंत सगळे विचारत राहतात, ‘आज काढणार ना?’ काढते, पण दुसऱ्या कामासाठी. टायकोपासून फुटलेले पांढरे पट्टे पौर्णिमेलाच नीट दिसतात. शिवाय रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या) सॅच्युरेशन हळूहळू वाढवत नेलं की चंद्राचे रंग वर येतात: मेअर म्हणजे चंद्रावरचं काळसर मैदान, त्यातलं मेअर ट्रँक्विलिटाटिस निळसर, कारण तिथल्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम जास्त, आणि शेजारचं सेरेनिटाटिस तपकिरीकडे झुकलेलं. हा रंग खोटा नाही, फक्त फिका असतो.

संकष्टीची गोष्ट वेगळी. चंद्रोदयाची वेळ छापलेली असतेच, मी आधीच ट्रायपॉड लावून बसते. ती वेळ मोकळ्या क्षितिजाची, आमच्या पूर्वेला कडुनिंब आणि तीन मजली इमारत, त्यामुळे चंद्र वर यायला उशीरच होतो. सासूबाईंचा उपास, खालून हाक येते, ‘दिसला का गं?’ एकदा वर येऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांनी तो पाहिला आणि विचारलं, ‘असा पाहिलेला चालतो का?’ मग स्वतःच ‘नसेल चालत’ म्हणून कठड्याशी जाऊन अर्घ्य दिलं. फोटोच्या दृष्टीने तेव्हा चंद्र फार खाली असतो, हवेत उकळल्यासारखा थरथरतो. तासाभराने पुन्हा वर यायचं. पौर्णिमेनंतर अंधाराची कड पुन्हा त्याच बाजूने, चंद्राच्या पूर्वेकडून चालून येते, आणि मेअर क्रिसियम चतुर्थीच्या आसपास अंधारात जातं. त्याच्या कडेच्या डोंगरांवर मावळतीचं ऊन पडलेलं असतं तेव्हाची फ्रेम मला आवडते. लोक पौर्णिमा सरली की कॅमेरा बॅगेत घालतात, म्हणून असे फोटो कमी दिसतात.

एक्सपोजर. चंद्रावर भर दुपारचं ऊन आहे हे एकदा डोक्यात बसलं की गोंधळ होत नाही. पौर्णिमेला एफ ११, आयएसओ १०० असेल तर शटर १/१०० च्या आसपास. ही लेन्स ६०० ला एफ ८ वर सर्वांत तीक्ष्ण वाटते, तेव्हा एफ ८ आणि १/२००. अष्टमीचा चंद्र अर्धा असला तरी उजेड अर्धा नसतो, पूर्ण चंद्राच्या एक दशांशाच्या आसपासच असतो. म्हणून एफ ८, आयएसओ २००, १/१०० पासून सुरू करते आणि कडेजवळचा भाग बघून वाढवते. ऑटोवर सोडलं तर कॅमेरा काळं आकाश मोजतो आणि चंद्राचा दिवा करतो. द्वितीया-तृतीयेला कोरीच्या आतला अंधारा भाग, पृथ्वीच्या उजेडाने उजळलेला, टिपायचा तर आयएसओ १६०० आणि सेकंदभर शटर लागतं. पण ६०० ला चंद्र सेकंदाला दहा पिक्सेल सरकतो. तिथे ही लेन्स आणि साधा ट्रायपॉड यांची हद्द संपते, चंद्राच्या चालीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर लागतो. मी १५० ते २०० एमएमवर उतरते, शटर अर्ध्या सेकंदावर आणते आणि घरं, तारा, एखादी टाकी फ्रेममध्ये घेते. तशी ती जास्त शोभतेही.

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास ग्रहणाला हीच अडचण आली. रात्री ११ ते १२:२२ खग्रास, भाद्रपद पौर्णिमा, आणि आकाशात ढगांची ये-जा. मधल्या फटींमध्ये लाल चंद्र मिळाला, आयएसओ ३२०० आणि अर्धा सेकंद, किंचित ओढल्यासारखा. घरच्यांना आवडला. मला विचाराल तर मोठा करून बघू नये.

वजनाबद्दल. लेन्स १,९३० ग्रॅम, कॅमेरा ७२० ग्रॅम. माझ्याकडच्या जुन्या बॉल हेडवर (ट्रायपॉडचा गोळीवर फिरणारा माथा) चंद्र मधोमध आणून घट्ट केलं की हात सोडताच लेन्स खाली झुकायची. मग वरच्या अंगाला नेम धरून सोडायची सवय लागली, पण ती काही पद्धत नव्हे. त्यात सोलापूर १७.७ अंश उत्तरेला. २०२४-२५ मध्ये चंद्र आपल्या १८.६ वर्षांच्या फेऱ्यातल्या टोकाला होता, उत्तरेला साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत जायचा. त्यामुळे मार्गशीर्षातली पौर्णिमा मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर, उलट थोडी उत्तरेकडेच. एवढी उभी लेन्स धरायची म्हणजे हेडची परीक्षा, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये बघायला गच्चीवर पाठ टेकावी लागते. डी७५०० चा पडदा तिरका होतो म्हणून निभावलं. लेन्स वर केली की पुढची नळी आत सरकू पाहते. त्यासाठी झूमचं लॉक आहे आणि ते ६०० च्या खुणेवरही बसतं. आधी लॉक, मग फोकस.

फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, पूर्ण मोठं करून, हाताने, आणि कडेवरच्या विवरावर. चंद्राच्या गोल बाहेरच्या कडेवर करू नका, ती डोळ्याला फसवते. रिंग अनंताच्या खुणेपलीकडेही फिरते, तेव्हा टोकाला नेऊन ठेवणं उपयोगाचं नाही. ती अरुंद आहे आणि कॅमेऱ्याच्या बाजूला आहे. बोट जरा जास्त फिरलं की प्लेटो गायब, परत फिरवलं की हजर. गार हवेत लेन्स निवते तसा फोकस सरकतो, अर्ध्या तासाने पुन्हा तपासते. ट्रायपॉडवर ओएस (हाताची थरथर सावरणारी लेन्समधली सोय) बंद, मिरर वर करून, रिमोटने. हातात धरून काढायचं असेल तर ओएस खरोखर कामाचं आहे. पौर्णिमेला १/५०० वर हातातला फोटोही नीट येतो.

लेन्सपेक्षा हवा जास्त छळते. एप्रिल-मेमध्ये आमची स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असते आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये चंद्राची कड पाण्याखालच्यासारखी हलते. सोलापूरचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. गच्ची सोडून अंगणात मातीवर ट्रायपॉड लावला तर फरक पडतो. संध्याकाळी पाणी मारूनही पडतो, पण पाण्याची पाळी आमच्याकडे रोज नसते. गंमत अशी की लख्ख, तारे लुकलुकणाऱ्या रात्रीपेक्षा किंचित धुरकट पण स्तब्ध रात्र चंद्रासाठी चांगली. तारे लुकलुकत नसतील तर वर जावं.

यावरचा उपाय म्हणजे स्टॅकिंग. एकापाठोपाठ पन्नासेक रॉ फ्रेम काढायच्या, टिफमध्ये बदलून ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये टाकायच्या, ते त्यातल्या स्थिर हवेतल्या फ्रेम निवडून एकावर एक बसवतं. मग हलकं शार्पनिंग. एकट्या फ्रेममध्ये जे धूसर वाटतं ते यात सुटं होतं. डी७५०० च्या फोर-के व्हिडिओला मोठा क्रॉप आहे म्हणून लोक नाकं मुरडतात. चंद्रासाठी तोच फायद्याचा: सेन्सरच्या मधला भाग जवळजवळ पिक्सेलला पिक्सेल येतो आणि तेराशे पिक्सेलचा चंद्र २,१६० च्या उंचीत आरामात बसतो. मिनिटभराच्या व्हिडिओत १,८०० फ्रेम. रॉची सर नाही, पण हवा वाईट असेल त्या रात्री व्हिडिओ जिंकतो. चंद्र ओळखून त्यावर आपल्या मनाचे तपशील भरणारे फोन आता आहेत, त्यांच्याशी तुलना करत बसू नये.

जमिनीवरची वस्तू आणि चंद्र एकत्र हवा असेल तरी तोच ११० चा हिशोब. वस्तूच्या रुंदीच्या ११० पट लांब उभं राहिलात की चंद्र तिच्याएवढा दिसतो. आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर विजयपूरचा गोल घुमट, घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर. म्हणजे पावणेपाच-पाच किलोमीटरवरून चंद्र आणि घुमट एका मापाचे. उगवता चंद्र पकडायचा तर पश्चिमेला उभं राहावं लागतं आणि तिथे सगळं शहर आडवं. म्हणून पूर्वेकडून, पहाटेचा मावळता चंद्र, तोही हिवाळ्यातला. उन्हाळ्यात पाच किलोमीटरची तापलेली हवा मध्ये आली की लेन्स कुठलीही असो, काही हाती लागत नाही.

लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टरही काही आठवडे उसना आणून लावून पाहिला. ८४० एमएम, एफ ९. चंद्र मोठा झाला, व्ह्यूफाइंडर अंधारला, ऑटोफोकस भरवशाचा राहिला नाही. चंद्राला तो नकोच असतो, तेव्हा त्याची तक्रार नाही. पण दोन्ही स्टॅक एका मापाचे करून शेजारी ठेवले तर कोपर्निकसमध्ये नवीन काही दिसेना. पुढच्या भिंगाचा उघडा व्यास तोच, ९५ मिलिमीटर, आणि हवाही तीच. कन्व्हर्टर परत दिला आणि त्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांत जड लेन्स तोलून धरणारं गिंबल हेड घेतलं. आता हात सोडला तरी चंद्र जागचा हलत नाही, हलतो तो फक्त स्वतःच्या चालीने.