विसावा कामगार घ्यावा की ओव्हरटाइम द्यावा?

किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी (फंड) या दोन्हींना लघुउद्योजक सरसकट ‘बोजा’ म्हणतात. भरतीचा निर्णय घेताना मात्र या दोहोंचा हिशेब अगदी वेगळा पडतो.

किमान वेतनाला कामगारसंख्येची अट नाही. कामगार एक असो वा शंभर, दर तोच, आणि त्याच उद्योगातल्या शेजारच्या गाळ्यालाही तोच. दर वाढला की खर्च वाढतो, पण भरती एखाद्या आकड्यावर येऊन अडत नाही.

फंडाचे तसे नाही. तो कामगार वीस झाले की लागू होतो. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये धरले, तर मालकाचा १२ टक्के हिस्सा १,६८०, फंडाला जोडलेल्या विम्याचे ७० आणि प्रशासकीय शुल्काचे ७०, असा माणशी १,८२० रुपये खर्च येतो. हजेरीपटावर विसावे नाव चढले की तो वीसही जणांचा भरावा लागतो, म्हणजे महिन्याला ३६,४००. (ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कारखान्याला दहाव्या कामगारापासूनच लागू असल्याने येथे धरलेला नाही.)

आता एकोणीस कामगारांच्या कारखान्याची तुलना पाहा. एका माणसाचे जादा काम दुप्पट दराच्या ओव्हरटाइमने उरकले तर २८,००० लागतात. नवा माणूस घेतल्यास पगारासह ५०,४००. दोघांच्या कामाला ५६,००० विरुद्ध ६६,२२०. तिघांच्या कामाला मात्र ८४,००० विरुद्ध ८२,०४०, आणि येथे पारडे फिरते. म्हणून एकट्या विसाव्यासाठी उंबरठा ओलांडणे परवडत नाही. तीन जणांचे काम वर्षभर पुरेल एवढ्या ऑर्डरी असतील तर तिघांनाही एकदम घ्यावे.

ठेकेदाराची माणसे लावून विसाचा आकडा चुकत नाही, कारण तीही मोजली जातात आणि ठेकेदाराने फंड थकवला तर जबाबदारी मूळ मालकावर येते. एकदा लागू झालेला फंड पुढे कामगार पंधरावर आले तरी सुटत नाही, त्यामुळे हंगामी तेजीच्या भरवशावर हे पाऊल उचलू नये.

कामगाराशीही आधी बोलावे. त्याच्या हातातून १,६८० रुपये कापले जाणार असतात, आणि “फंड नको, रोख द्या” ही मागणी महिनाअखेरीच्या घरभाड्यातून आलेली असते. तरी फंडाबरोबरच्या निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची नोंद लागते, आणि कारखाना एकोणिसावर रोखून धरला की त्याची ती वर्षे कुठेच मोजली जात नाहीत, हे मालकाने निर्णय घेताना धरलेच पाहिजे.