‘१९२० च्या अधिवेशनाची ओरिजिनल प्रिंट’: नागपुरात ३८,५०० रुपये गेले

आकडा आधी सांगतो. जुने फोटो म्हणून मी घेतलेल्या पाच ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट, ३८,५०० रुपये. ८,५०० यूपीआयने, ३०,००० रोख. पाचातली एक प्रिंट खरी होती, आणि मासा त्याच गळाला लागला.

बाकीची कहाणी तुम्हाला पाठ असेल. महालातला जुना वाडा, माळ्यावरची पेटी, वारसांना किंमत कळत नाही, उद्या पुण्याहून दुसरा माणूस येतोय. तेच सगळं. पण विकणारा जाणकार होता. अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला जुना फोटो-कागद) म्हणजे काय, बेराइटा (कागद आणि चित्र यांच्यामधला पांढरा लेप) म्हणजे काय, सगळं न अडखळता बोलत होता. मी नवखा नाही. कोणीही येऊन काहीही विकावं असा माझा कारभार नाही.

सीताबर्डीतल्या एका हॉटेलात बसलो. त्यानं पहिली हातात दिली ती खरी प्रिंट, ३,००० रुपयांची. पातळ कागद, जाड पुठ्ठ्यावर डकवलेला. दहापट भिंगातून चकचकीत थराखाली कागदाचे तंतू स्वच्छ दिसत होते, थराला बारीक तडे, उजेडाच्या जागा पिवळसर. अल्ब्युमेन असंच दिसतं. ती बघून मन निवांत झालं, आणि पुढच्या चार प्रिंट मी विश्वासावर बघितल्या. पहिली वस्तू पटली की दुसरीची तपासणी पुन्हा शून्यापासून करा. विकणारा खरी वस्तू उगाच आधी दाखवत नाही.

दुसरी होती डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनाची, १८,००० रुपये. भिंगाखाली तंतू दिसले नाहीत, पण जिलेटिन सिल्व्हर प्रिंटमध्ये, म्हणजे जिलेटिनच्या थरात चांदीनं चित्र उमटतं त्या नेहमीच्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमध्ये, ते दिसतच नाहीत, मध्ये बेराइटाचा पांढरा थर असतो. इंकजेटचे ठिपकेही नव्हते. तेवढ्यावर मी मान डोलावली. ठिपके नाहीत याचा अर्थ एवढाच की ती प्रिंटरवर काढलेली नाही. ही डार्करूममध्येच काढली होती, फायबर कागदावर (प्लास्टिकचा थर नसलेल्या), कॉपी निगेटिव्हवरून. कुणाची तरी जुनी प्रिंट कॅमेऱ्यानं उतरवायची आणि त्या निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या काढायच्या.

आता तो क्षण. प्रिंटच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून मंडपाच्या खांबापर्यंत एक घडी गेलेली दिसत होती. त्यानं मला पांढरे सुती हातमोजे दिले होते. “सर, हाताचं तेल लागतं.” मोजे घालूनच मी त्या घडीवरून बोट फिरवलं. काही लागलं नाही. वाटलं, मोज्यामुळे लागत नसेल. मोजा काढायला दोन सेकंद लागले असते! प्रिंट दिव्याखाली तिरकी धरली असती तरी चाललं असतं. खऱ्या घडीवर जिलेटिनचा थर तुटतो, तिथे चकाकी मोडते, आणि मागच्या बाजूलाही वळ दिसतो. इथे घडी फक्त चित्रात होती. कागद सपाट, गुळगुळीत, मागे कोरा. मूळ प्रिंटची घडी कॉपीत फोटो होऊन आली होती, आणि मी तिला वयाची खूण समजलो. मोजे आलेच तर कोपरा तरी उघड्या बोटानं चाचपा, किंवा मोबाइलचा टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा.

तिसरी ‘नागपूर स्टेशन’, ७,५०० रुपये. मागे पेन्सिलीनं १९०५. रेल्वे नागपुरात १८६७ ला आली, त्यामुळे १९०५ मला खटकलं नाही. पण फोटोत इमारत कोणती होती? आत्ता आहे तीच. ती १९२५ ला सुरू झाली. नागपूरकर असून, आयुष्यभर तिच्यासमोरून जाऊन, मी समोरची इमारत आणि मागचं साल एकत्र ताडून पाहिलं नाही. याची लाज ३८,५०० पेक्षा मोठी आहे. आधी चित्र वाचा, मग मागची पेन्सिल. पेन्सिल कोणीही चालवू शकतो.

उरलेल्या दोन, किल्ल्याची ६,००० आणि एका कुटुंबाच्या ग्रुप फोटोची ४,००० ला, त्याच थैलीतल्या.

उघडकीला आलं ते अमरावतीच्या एका संग्राहकामुळे. त्याच्याकडे तीच अधिवेशनाची प्रिंट, घडीसकट. एका निगेटिव्हच्या दोन जुन्या प्रिंट असू शकतात, दोन प्रिंटना एकाच ठिकाणी एकच घडी पडत नाही. मग मी यूव्ही टॉर्च लावला. चार प्रिंटच्या कागदाच्या कडा निळ्या-पांढऱ्या उजळल्या. कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन १९५० च्या आधीच्या फोटोपेपरमध्ये नसतं. मधला भाग मंद होता, कारण प्रिंट चहाच्या पाण्यात बुडवल्या होत्या, चहा ती चमक दाबतो. त्यानं चहानंतर कडा ताज्या कापल्या होत्या, म्हणून तिथे उघड पडलं. सेपिया टोनर फक्त चांदीचं चित्र तपकिरी करतो, पांढरी बॉर्डर पांढरीच राहते. बॉर्डर आणि पाठ एकसारखी तपकिरी असेल तर चहा-कॉफीचा संशय घ्याच. उलट, टॉर्चखाली काहीच चमकलं नाही म्हणून प्रिंट जुनी ठरत नाही, नंतरच्या सगळ्या कागदांत ते रसायन नव्हतं. जुन्या प्रिंटवर वयानं गडद भागात कडेला निळसर चांदीची झाक येते, ती असती तर मला जरा आधार होता. चारांपैकी एकीवरही नव्हती.

आता पोलीस. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी विचारलं, “फोटोला अठरा हजार कोण देतं?” तिसऱ्या दिवशी, “तुम्ही बघून घेतलं ना? हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा.” खोटी वस्तू जुनी सांगून पैसे घेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पूर्वीचं ४२०. हे मी त्यांना सांगायचं? अर्जावर पोच मागितली तर शिक्का सापडेना. सायबरवाल्यांनी रोख आमच्याकडे येत नाही म्हणून हात झटकले, बँकेनं “पैसे तुम्ही स्वतः पाठवले” म्हणून. तीस हजारांची पावती नाही हे मला प्रत्येक टेबलावर नव्यानं ऐकवलं गेलं, जणू चोर मीच. पाच खेपा झाल्या. अदखलपात्र म्हणून नोंद करून घेतली, एवढंच.

तुमच्यावर वेळ आली तर यूपीआयच्या रकमेसाठी त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, मी नऊ दिवस घालवले. ठाण्यानं गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार वरिष्ठांना लेखी पाठवा, तिथेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. विकणारा धंदा म्हणून विकत असेल तर ग्राहक आयोगासाठी दोन वर्षांची मुदत असते. आणि रोख देऊच नका. घ्यायच्या आधी कागदावर लिहून मागा: कोणती प्रक्रिया, साधारण कोणत्या काळातली, खोटी निघाल्यास परत. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. माझ्या माणसानं “आपला शब्द आहे ना, सर” म्हटलं होतं.

चारही प्रिंट माझ्याकडेच आहेत. काहींनी सुचवलं की ‘डेकोरेशन पीस’ म्हणून काढून टाक, निदान थोडे तरी सुटतील. नाही काढणार. प्रत्येकीच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं ‘कॉपी निगेटिव्हवरून, कागद १९५० नंतरचा’ असं लिहून ठेवलं आहे. अधिवेशनाची तीच घडीवाली प्रिंट तुम्हाला कोणी दाखवली, तर माझ्या माहितीतली ती तिसरी असेल. घेऊ नका, आणि मला कळवा.