लेझर लेव्हलर, आठ महिन्यांनंतर: यंत्र चांगलं, पेटी निकामी

लेझर लेव्हलर म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडून शेत सपाट करणारं यंत्र: तिपाईवरचा ट्रान्समीटर लेझर किरण फिरवतो, बकेटवरचा रिसीव्हर तो पकडतो, आणि व्हॉल्व्ह बकेट वर-खाली करतो. बकेट, व्हॉल्व्ह, रिसीव्हर यांची तक्रार नाही. तक्रार ट्रान्समीटर ज्या पेटीतून नेतात तिची आहे. भंडारा जिल्ह्याकडे, लहान बांध्या (भाताची खाचरं) जोडून केलेल्या 100 मीटर लांब बांधीत पाणी सोडलं, तर एक टोक बुडालं, दुसरं कोरडं. ट्रान्समीटर सरळ असल्याचं सांगणारा हिरवा दिवा मात्र पूर्णवेळ लागलेला.

आधी दोष तिपाईला दिला. चिखलट मातीत पाय खचतात. धुऱ्यावर फरशीचे तुकडे ठेवूनही फरक तेवढाच राहिला, तेव्हा मत बदललं. ट्रान्समीटरचं यंत्र आतल्या सेन्सरच्या भरवशावर सरळ होतं. सेन्सरची बैठकच हलली तर ते तिरपं उभं राहूनही हिरवा दिवा दाखवतं. 10 सेंमी बैठकीचं एक टोक 0.03 मिमी उचललं तरी 100 मीटरवर 3 सेंमी फरक पडतो. 100 बाय 40 मीटरच्या एकरात त्यापायी 15 घनमीटर, म्हणजे पाच ब्रासच्या वर माती उगाच ओढली जाते. एवढं डिझेल कोणाला परवडतं?

तपासणी फुकट आहे. पहाटे, भिंतीपासून 30 मीटरवर यंत्र लावा, बाहेरच्या हवेशी जुळायला 15 मिनिटं द्या, किरण भिंतीवर पडतो तिथे खूण करा. 180 अंश फिरवा, स्थिर होऊ द्या, दुसरी खूण करा. दोन खुणांतल्या अंतराचा निम्मा भाग म्हणजे दोष. मग यंत्र 90 अंश वळवून दुसऱ्या अक्षासाठी हेच. 10 आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) अचूकतेच्या यंत्राला खुणांत 3 मिमीपर्यंत फरक चालतो. इथे 18 मिमी निघाला.

कारण ट्रॉली. तिला स्प्रिंग नाही, आणि पेटीतला फोम काही महिन्यांत दबून पापडासारखा झाला. सर्व्हिसवाल्यांनी पैसे घेऊन दुरुस्त केलं, पण आधीचे-नंतरचे आकडे कागदावर दिले नाहीत. ते मागून घ्याच. कुरिअरने परत आल्यावर फरक पुन्हा 7 मिमी.

उपाय स्वस्त आहे: स्कूटरच्या दोन जुन्या ट्यूब, एक पेटीखाली, एक वर. हवा इतकीच की अंगठा सहज रुतावा. कडक भरली तर धक्का थेट आत जातो. बॅटरी काढून वेगळी. ट्रॉलीऐवजी पिकअपच्या सीटवर, पट्ट्याने बांधून. यंत्र पुन्हा जुळवून घेतल्यानंतर तीन महिने फरक 3 मिमीच्या आत आहे.

उन्हाळ्यात दहानंतर रिसीव्हरचे दिवे नाचतात, व्हॉल्व्ह फडफडतो. ती तापलेली हवा, यंत्राचा दोष नाही. काम पहाटेच उरका.

एक दोष मात्र फिरवून सापडत नाही: किरणाची पातळी सपाट न राहता शंकूसारखी होणं. त्यासाठी 30 मीटर अंतरावरच्या दोन समोरासमोर भिंती लागतात. यंत्र आधी एकीजवळ, मग दुसरीजवळ लावून दोन्हींवर खुणा करा. दोन्ही वेळी भिंतींमधला उंचीचा फरक सारखाच यायला हवा.