६५-६६ च्या मस्टँगचं पॉवर स्टिअरिंग : जुनंच दुरुस्त करायचं की सरळ बदलून टाकायचं?

रिस्टोर केलेली १९६५ किंवा ६६ ची फोर्ड मस्टँग, फॅक्टरी पॉवर स्टिअरिंगवाली, आणि उभी केली त्या जागी खाली लाल तेलाचे डाग. किंवा स्टिअरिंग हलकं आहे पण हायवेला गाडी सरळ जात नाही, सारखं सावरावं लागतं. मग प्रत्येक जण आपापला सल्ला देतो, कोणी म्हणतो ओरिजिनल ठेव, कोणी म्हणतो नवा बॉक्स टाक, कोणी म्हणतो इलेक्ट्रिक कर आणि मोकळा हो. इथे न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींमध्ये या गाडीचं वेड असलेले लोक आहेतच, आणि ते साहजिक आहे, कारण मस्टँग इथल्याच मेटूचेन प्लांटमध्येही बनायची (व्हीआयएनचं, म्हणजे चासी नंबरचं, दुसरं अक्षर टी असेल तर ती इथलीच), प्लांट २००४ मध्ये बंद झाला.

पैसे काढायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. या गाड्यांत पॉवरची यंत्रणा स्टिअरिंग बॉक्सच्या (स्टिअरिंगच्या शाफ्टच्या टोकाला असलेल्या गिअरच्या डब्याच्या) आत नाहीये! बॉक्स साधा मॅन्युअलच आहे. पिटमन आर्मचा (बॉक्समधून निघणाऱ्या दांड्याचा) बॉल स्टड जिथे ड्रॅग लिंकला (चाकांकडे जाणाऱ्या आडव्या दांड्याला) जोडतो तिथे बेंडिक्स कंपनीचा कंट्रोल व्हॉल्व्ह बसवलाय, तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की तो स्टड व्हॉल्व्हच्या आतला स्पूल (तेलाची वाट बदलणारा सरकता दांडा) किंचित सरकवतो, त्यामुळे तेल सिलेंडरच्या एका बाजूला जातं आणि तो सिलेंडर लिंकेजला ढकलतो. पंप, व्हॉल्व्ह, सिलेंडर आणि चार होस पाइप, म्हणजे गळायला जागा भरपूर. १९६३ ते ८२ च्या कॉर्व्हेटमध्येही हाच प्रकार होता. फोर्डने मात्र १९७१ पासून मस्टँगला सॅजिनॉचा इंटिग्रल बॉक्स दिला, ज्यात सगळं एकाच डब्यात.

आता आधी तपासणी, कारण काय बदलायचं ते आजार काय आहे त्यावर ठरतं. गळतीसाठी सगळं डीग्रीझरने धुऊन पुसून काढा, इंजिन चालू ठेवून पहिलं ओलं कुठे होतं ते बघा, कारण पंपाच्या शाफ्ट सीलचं तेल वाऱ्याने मागे जातं आणि बिचाऱ्या व्हॉल्व्हवर आळ येतो. पंप ओरडत असेल तर लेव्हल बघा, तेलात फेस दिसतोय का बघा, हवा शिरली असणार. पूर्ण वळवल्यावर फक्त किंचाळतोय म्हणजे बहुतेक बेल्ट घसरतोय, तो ताणा. आणि गाडी इकडेतिकडे भरकटत असेल तर इंजिन बंद ठेवून एकाला आत बसवा, त्याला स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खालून टाय रॉड एंड (चाकाकडच्या दांड्यांचे सांधे), आयडलर आर्म (ड्रॅग लिंकचं दुसरं टोक धरणारा आर्म), सिलेंडरचे रबर बुश यांत ढिलेपणा (प्ले) आहे का बघा. रंग नवा पण आयडलर आर्म साठ वर्षांपूर्वीचाच, अशा रिस्टोर केलेल्या गाड्या ढिगाने मिळतात, आणि तो प्ले कोणत्याही महागड्या किटने जाणार नाही.

सगळ्यात घाबरवणारा प्रकार म्हणजे इंजिन सुरू केलं की स्टिअरिंग आपोआप एका बाजूला फिरतं. लोकांना वाटतं आता व्हॉल्व्ह गेला, फेका. बहुतेक वेळा तो रिबिल्ड करताना (उघडून नव्या सीलने परत जोडताना) स्पूल मधोमध बसलेला नसतो, एवढंच. टोकाचं झाकण काढा, आतलं सेंटरिंग स्प्रिंगचं नट जेमतेम घट्ट करून मग पाव फेरी सैल करा. पण पहिल्यांदा इंजिन सुरू करताना पुढची चाकं वर उचललेली हवीत, खाली स्टँड, आणि हात स्टिअरिंगच्या स्पोकमध्ये घालू नका, फटका जोरात बसतो.

हे सगळं करून मग पर्याय. ओरिजिनलच रिपेअर करणं सगळ्यात स्वस्त, व्हॉल्व्हचं सील किट शंभर डॉलरच्या आत येतं, जास्त करून स्वतःच्या गॅरेजमध्ये होतं, गाडी कागदोपत्री आणि बॉनेट उघडल्यावरही जशीच्या तशी राहते. होस मात्र चारही एकदमच बदला, जुन्या रबराचे आतले तुकडे सुटून नव्या सीलची वाट लावतात. तेल टाइप एफ (फोर्डचं ट्रान्समिशन फ्लुइड). तोटा असा की रस्त्याचा फील तसा कमीच, मधोमध थोडं सुस्त वाटणार, आणि लांब हेडर (इंजिनच्या धुराचे बाजारातले लांब पाइप) बसवलेले असतील तर सिलेंडर आडवा येतो, त्यासाठी तो खाली आणणारा ड्रॉप ब्रॅकेट लागतो.

इंटिग्रल बॉक्स, म्हणजे बॉर्गसन कंपनीच्या बॉक्ससारखा, चालवायला फार छान, आजच्या गाडीच्या जवळ जातो. चाराऐवजी दोनच होस. हायवेला रोज जाणाऱ्याला मी हाच सांगेन. पण ६५ ते ६७ मध्ये जुन्या बॉक्सचा शाफ्ट थेट स्टिअरिंग व्हीलपर्यंत एकसंध जातो, त्यामुळे नवा बॉक्स घालताना कॉलमची बाहेरची नळी कापून आखूड करावी लागते. एकदा कापली की कापली. खर्च हजार डॉलरच्या पुढे जातो, आणि मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर क्लचच्या लिंकेजला, हेडर असतील तर त्यांना जागा पुरते का हे ऑर्डर करायच्या आधी विचारून घ्या.

इलेक्ट्रिकवाला दिसायला सगळ्यात स्वच्छ, मोटर डॅशखाली लपते, तेल नाही, बेल्ट नाही, गळती नाही, वा! फक्त त्या काळचा अल्टरनेटर जेमतेम चाळीसेक अँपियरचा आणि अगदी पहिल्या काही महिन्यांच्या गाड्यांत तर डायनॅमोच होता, तिथे ही मोटर एका जागी उभ्या गाडीची चाकं वळवताना भरपूर करंट ओढते. म्हणजे अल्टरनेटर बदला, जाड वायर टाका, मग वायरिंगच बदलू म्हणता म्हणता खर्च इंटिग्रलच्याही वर. वायरिंग आधीच नवीन करून घेतलं असेल तर मात्र विचार करण्यासारखा पर्याय.

मॅन्युअल करून टाकणं स्वस्त वाटतं, पण पॉवरवाल्या गाडीत बॉक्सचा गिअर रेशो १६:१ असतो, साध्या मॅन्युअलवाल्यांत १९.९:१ (आकडा जितका लहान तितकं स्टिअरिंग जड). म्हणजे नुसता पंप नि व्हॉल्व्ह काढलात आणि बॉक्स तोच ठेवलात तर व्ही८ गाडी पार्क करताना खांदे भरून येतील. शिवाय पिटमन आर्म आणि ड्रॅग लिंकही मॅन्युअलचेच लागतात. सिक्स सिलेंडर असेल, पुढचं वजन कमी, तर चालेल. रॅक अँड पिनियनच्या किटबद्दल फार नाही लिहीत, बऱ्याच किटमध्ये गाडी वळायला जास्त जागा घेते, शहरात वैताग.

अलाइनमेंट जाता जाता: रेडियल टायर असतील तर पॉवरवाल्या गाडीत पॉझिटिव्ह कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) दोन-तीन डिग्रीपर्यंत करून मागा, भरकटणं तेवढ्यानेही बरंच कमी होतं, आणि पॉवर असल्यामुळे जडपणा जाणवत नाही. फक्त भरकटण्यासाठीच बदलायला निघाला असाल तर आधी हे करा, बिल किटच्या पासंगालाही पुरणार नाही.

माझं मत, रविवारी फिरायला आणि शोला नेणार असाल, गाडी ओरिजिनल असेल, तर बेंडिक्सच रिबिल्ड करा. रोज चालवणार आणि मॅचिंग नंबर (फॅक्टरीचेच भाग असल्याचा पुरावा) वगैरेची पर्वा नसेल तर इंटिग्रल. पण काहीही बदललंत तरी काढलेला व्हॉल्व्ह, सिलेंडर, लांब शाफ्टचा बॉक्स भंगारात देऊ नका, खोक्यात भरून माळ्यावर ठेवा, गाडी विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं.