फास्टॅगचा वार्षिक पास: नाशिक-मुंबईवर काही महिने वापरल्यानंतर

पास घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. घोटी आणि पडघ्याच्या नाक्यांवरून नेहमी जाणं-येणं असेल तर डोळे झाकून घ्या. २०२५ मध्ये पास आला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या होत्या, म्हणजे नाका एकदा ओलांडायला १५ रुपये. एवढ्यात आता धड चहा-वडाही होत नाही. सुरुवातीला तर मी भेटेल त्याला हेच सांगत होतो.

पण रविवारी संध्याकाळच्या परतीने मत बदललं. नाक्याआधी पाऊण तास रांग. पलीकडे पोचल्यावर मोबाइल वाजला: एक फेरी वजा. त्याच आठवड्यात पहाटे साडेचारला निघालो, नाक्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी मेसेज तोच, वजा एकच फेरी! हे मला काही केल्या पटत नाही. पहाटे उठून गर्दी कमी करणाऱ्याला काडीचा फायदा नाही आणि गर्दीत भर घालणाऱ्याला जास्तीचा एक पैसा लागत नाही. पास आल्यापासून आमच्या कॉलनीतल्या दोघांनी तर पंचवटी एक्स्प्रेस सोडून गाडी काढायला सुरुवात केली आहे.

विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६९ मध्येच हे मांडलं होतं: रस्ता जिथे चिंचोळा होतो तिथे दर वेळेनुसार बदलला, तर लोक निघण्याची वेळ बदलतात आणि रांग विरते. सिंगापूर १९७५ पासून गर्दीच्या वेळेचे पैसे घेतं. स्टॉकहोमने २००६ मध्ये आधी प्रयोग केला, मग सार्वमत घेतलं आणि २००७ पासून शुल्क कायमचं केलं.

समृद्धी महामार्गावर हा पास चालत नाही; तिथेही चालायला हवा, असं मला आधी वाटायचं. जून २०२५ मध्ये इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला, कसारा घाट टळला. त्याचा टोल वेगळा, तो मी वेळ वाचतो म्हणून आनंदाने भरतो. पण वाचलेला वेळ पुढचा भिवंडीजवळच्या वडप्यापासून ठाण्याच्या माजिवड्यापर्यंतचा रस्ता खाऊन टाकतो. खरी मान तिथे आवळली आहे, आणि वेळ बघणारा दर तिथेही नाही.

विमानतळावरही तेच. दिवाळीत तिकिटाला दुप्पट पैसे आपण निमूट मोजतो, पण विमान उतरवण्याचं शुल्क मुख्यतः वजनावर ठरतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते. तरी गर्दीच्या वेळचे स्लॉट, म्हणजे विमान उतरवण्या-उडवण्याच्या ठरवून दिलेल्या वेळा, आधीपासून ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याचकडे राहतात, आणि टंचाईची कमाईही त्यांचीच.

नाक्यावर टॅग वाचला जातो तेव्हा वेळ नोंदली जातेच. मग पहाटे अर्धी फेरी वजा करा, रविवारी संध्याकाळी दोन. ज्यांची ड्युटी ठरलेली आहे त्यांना हे जाचेल, हे मान्य. म्हणूनच त्यातून येणारा पैसा एसटीच्या गाड्या वाढवायलाच वापरला पाहिजे. लंडनमध्ये गर्दी शुल्काची शिल्लक वाहतुकीवरच खर्च करण्याचं बंधन कायद्यानेच घातलं आहे.

तोवर पास घ्या, पैसे नक्की वसूल होतात. रविवारी संध्याकाळी परतायचं असेल तर मात्र गाडी घरी ठेवा आणि पंचवटीचं रिझर्वेशन आठवडाभर आधी करा.